मोजणारीचा श्वास

श्वास आत गेला आणि बाहेर येईना.

समोर बायका डोळे मिटून बसल्या होत्या. "बे चोक आठ" म्हणून मी थांबले होते आणि त्याही श्वास भरून थांबल्या होत्या. पुढची ओळ बे पंचे दहा. ती म्हटली की त्या श्वास सोडणार. ती ओळ माझ्या तोंडातून फुटेना. छातीत कोणी ओल्या फडक्याचा बोळा कोंबावा तसं झालं. मी खिडकीचे गज धरले. घशातून बारीक शिटी वाजायला लागली. ही शिटी माझ्या ओळखीची होती. लग्न होऊन हैदराबादेत आले तेव्हा माझ्याबरोबर आली होती, आणि पुढे कितीतरी वर्षांनी गेली होती. ती गेली म्हणूनच मी त्या दालनात शिकवणारी म्हणून उभी होते.

एकेकीनं फुस्सकन श्वास सोडून डोळे उघडले.

"अगं बाई, शिकवणाऱ्या बाईंचाच दम गेला," वकिलीणबाई म्हणाल्या. "आता आम्ही कोणाच्या भरवशावर धरून ठेवायचा?"

दोघी-तिघी हसल्या. त्यात दुष्टावा होता असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत माणसं कुठंही हसत, कुठंही रडत.

मागच्या ओळीतली खाला उठली. "हँसते काय कू जी? उसकू बिठाव पैले. सरको, हवा आन दो."

मला भिंतीशी बसवलं. एकीनं ओव्याची पुरचुंडी नाकाशी धरली. दुसरी म्हणाली कांद्याचा रस द्या, तिसरी म्हणाली छातीला तेल चोळा. प्रत्येकीकडे दम्यावर उपाय होता. इतके दिवस त्यांचा उपाय मीच होते. मी नजर खाली घालून शिटी ऐकत बसले. तेवढ्यात कोणी तरी येऊन सांगितलं की पुतळीबावडीकडे गडबड झाली, दुकानं बंद होताहेत. खरं होतं की अफवा, कोणाला ठाऊक. बायकांनी चपला घातल्या आणि पाच मिनिटांत दालन रिकामं झालं. मला त्या अफवेचे उपकार वाटले.

पोलीस ॲक्शनच्या आधीचा तो श्रावण. सुलतान बाजारातल्या एका मराठी मुलींच्या शाळेच्या मागच्या दालनात दुपारी बायकांचा वर्ग भरायचा. अर्ध्याअधिक घरांनी बायकामुलं सोलापूर-पुण्याकडे पाठवून दिली होती. ज्या उरल्या होत्या त्या यायच्या. घरात बसून अफवा ऐकण्यापेक्षा नाक दाबून बसलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. काही मराठी, काही तेलुगू, आणि खाला. खाला म्हणजे आमच्या मागच्या अंगणाला लागून राहणारी म्हातारी मुसलमान शेजारीण. कंबर धरते म्हणून यायला लागली आणि कंबर सुटल्यावरही येत राहिली. आम्ही बाकीच्या काष्टे आवळून घाम गाळायचो, खालाच्या तंग पायजम्याला कशाचीच अडचण नव्हती.

मी कशी शिकवणारी झाले ते सांगते. माझं माहेर परभणीकडचं, शेतकऱ्याचं. शाळा चौथीपर्यंत. सासर शहरातलं, पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरी. मी दम्याची आहे हे माहेरच्यांनी लपवून लग्न लावून दिलं. नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा मी विशीचीही नव्हते. सासूबाई आधीच गेलेल्या. धाकटे दीर सोलापूरला गिरणीच्या कचेरीत लागले. घरात उरलो मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. ते महसूल खात्यातून निवृत्त झालेले, उर्दू-फारसी शिकलेले, तोंडाचे फटकळ. तरुणपणी पोटाच्या दुखण्यावर कोणा साधूकडून योग शिकले होते. सून रात्रंदिवस धापा टाकते, त्यामुळे आपल्याला झोप लागत नाही, म्हणून त्यांनी मला शिकवलं. दया म्हणून नव्हे. तसं त्यांनीच सांगितलं होतं.

दमा गेला. गल्लीत बोलबाला झाला. मग शाळेच्या मोठ्या बाई घरी येऊन म्हणाल्या, मुलींना आणि बायकांना शिकवायला एक बाई हवी, पुरुष चालणार नाही. मामंजी म्हणाले, "न्या हिला. घरात बसून भांडी घासघासून पातळ करते."

वर्गात पहिली अडचण मोजण्याची आली. एक, दोन, तीन म्हटलं की मराठी बायका भराभर मोजत पुढं पळायच्या, तेलुगू बायका आपल्या भाषेत मनात मोजायच्या आणि मागे राहायच्या. चौथीपर्यंतच्या शाळेत माझ्या हाती पाढे तेवढे पक्के लागले होते. पाढ्याला ठेका असतो, तो कोणाला पळवता येत नाही. म्हणून मी बेचा पाढा लावला. बे एके बे ते बे चोक आठ श्वास आत. तिथं जरा थांबायचं. मग पाढा संपेपर्यंत सावकाश सोडायचा. वकिलीणबाई पुण्याच्या, इंग्रजी शिकलेल्या. त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "बाई, हा योग आहे की उजळणी?" पण पाढा चालला. खाला तर भाजीवालीशी घासाघीस करताना बे चोक आठ म्हणायला लागली.

तर त्या दिवशी मी घरी आले. मामंजी आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मी उंबऱ्याशीच सांगितलं, "मी वर्ग सोडते."

"का?"

"आज वर्गात दमा आला. सगळ्यांसमोर."

"मग?"

"मग काय? ज्याच्या नावावर उभी आहे तेच नाही. उद्या कोणत्या तोंडानं सांगू, श्वास असा घ्या म्हणून? चौथी शिकलेली बाई. मंत्र नाही, संस्कृत नाही. पाढे म्हणते. मुळात उभं राहायलाच नको होतं."

"आणि सोडून करशील काय?"

ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. दिरांचे निरोप येत होते. बाबांना घेऊन वहिनींनी सोलापूरला यावं. जाऊबाईंना दिवस गेलेले, घरात एका हाताची गरज. तो हात म्हणजे मी. मामंजींचं वय झालेलं. ते गेल्यावर मी चुलीपुढं गेले की पुन्हा उठणार नव्हते. हैदराबादेत माझ्या नावावर काही असेल तर तो दुपारचा एक तास. तो राहिला तर मी इथं राहणार, नाही तर सोलापूरची चूल.

मामंजींनी पेपर घडी करून ठेवला. "सूनबाई, या वाटेत आडवं काय काय येतं ते जुन्या लोकांनी सांगून ठेवलंय. आजारपण येतं, सुस्ती येते, आळस येतो. त्याच पंगतीत संशय बसवलाय. भक्तीच्या पंगतीत नाही, शहाणपणाच्या नाही. आजारपणाच्या. कळलं?"

"नाही."

"तुला वाटतं, मी कुठली मास्तरीण, असं म्हणणं म्हणजे नम्रपणा. तो आळस आहे. लुगडं बदलून आलाय."

मला राग आला. दिवसभर मरमर करणाऱ्या बाईला आळशी म्हणणं सोपं असतं, विशेषतः आरामखुर्चीतून. मी तसं बोलून दाखवलं नाही. आत जाऊन भांडी आपटली.

ते तिथूनच ओरडले, "आणि मन मोडलं की अंग कापतं, श्वासाची चाल बिघडते, हेही सांगून ठेवलंय. तुला झालं ते नवीन नाही. फार मोठी समजू नकोस स्वतःला!"

एवढंच त्यांचं सांत्वन.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मोठ्या बाईंना निरोप धाडला, ताप आहे. घरात काम पुष्कळ होतं. बेगम बाजारात धान्य धड मिळत नव्हतं, मिळालेलं निवडताना अर्धा दिवस जायचा. मी निवडत बसायची आणि डोक्यात एकच चालू असायचं. कोण कोण हसलं. वकिलीणबाईंनी कोणाकोणाला सांगितलं असेल. ही शिकवण्याच्या लायकीची नाही हे इतके दिवस त्यांना कळलं नव्हतं, आता कळलं. छाती भरल्यासारखी राहायची. पुरी धाप नाही, पण मोकळी नाही.

मग खाला मागच्या दारानं आली. आमच्या दोन्ही अंगणांच्या मधल्या भिंतीत एक दार होतं. त्या वर्षी सगळीकडची दारं बंद झाली होती, ते उघडं राहिलं. का ते कोणी विचारलं नाही. ती पायरीवर बसली आणि माझ्या सुपातली ज्वारी निवडायला लागली.

"बुखार किधर है? मेरेकू तो दिखता नै."

"उतर गया," मी म्हणाले.

"झूट नक्को बोलो जी. वो वकीलनी हँसी करके घर में बैठे तुमे?"

"तसं नाही, खाला. मेरा दम ही टूट गया. सिखाने के लायक नै मैं."

तिनं दोन-तीन खडे वेचून अंगणात टाकले. मग म्हणाली, "एक बात पूछतूं. गुस्सा नक्को करो. हमना बोलते, दम लेव, दम रोको, दम छोडो. हमे करते. उस वखत तुमे पाडा पढते. मैं पीछे बैठके देखतूं ना. बात करता सो आदमी दम कैसा लेता? तुमारा दम कौन लेता जी?"

पाढा मोठ्यानं म्हणणाऱ्या बाईला तो श्वास घेता येत नाही. एवढी साधी गोष्ट. मोजणारी मोजते, श्वास घेणाऱ्या घेतात. पूर्वी चालत होतं, कारण पहाटे गच्चीवर माझा माझा अभ्यास व्हायचा. पण माघापासून मामंजींनी गच्ची बंद केली होती. बंदुका घेऊन फिरणारी पोरं, पहाटे गच्चीवर एकटी बाई दिसायला नको. मी गच्ची सोडली आणि तिच्याबरोबर अभ्यासही सोडला. दुपारी वर्ग घेतेच की, असं मनाशी धरून बसले होते. महिनोन्‌महिने मी चाळीस नाकांचा श्वास मोजला आणि माझ्या नाकाकडं बघितलं नाही.

"हौ," मी खालाला म्हणाले. "कोणी नाही घेत."

"तो लेव," ती म्हणाली आणि सूप माझ्या मांडीवर ठेवून निघून गेली.

दुसऱ्या पहाटे मी कोठीच्या खोलीत बसले. पोत्यांमध्ये जेमतेम एका बैठकीची जागा. घुशींचा वास. मामंजी म्हणत, अनेक गोष्टींना हात घालू नकोस, एकच धर. मी एकच धरली. फक्त सोडणं. दम्यात श्वास आत जायला फार खळखळ करत नाही, बाहेर यायला करतो, हे दमेकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. पाढा म्हटला नाही. पुढं वाकून, हात गुडघ्यांवर टेकून, ओठ जरा मिटून, जेवढा येईल तेवढा बाहेर सोडायचा. छान वगैरे काही वाटलं नाही. कंटाळा आला. रोज कंटाळा आला आणि रोज बसले. वर्गाला मात्र अजून गेले नाही.

तिथं बसून मामंजींचं बोलणं थोडं थोडं उलगडलं. दमा येतो तेव्हा मी त्याच्याशी वाद घालत नाही. मी दम्याच्या लायकीची आहे का, असं कोणी विचारत नाही. तो आला की पुढं वाकायचं, सोडत राहायचं, तो जाईपर्यंत. मग संशय जर त्याच पंगतीतला, तर त्यालाही तेवढाच मान द्यायचा. आला का हा, तू कुठली शिकवणारी म्हणणारा? बस बाजूला. मी श्वास सोडते आहे. त्याला उत्तर द्यायला गेलं की तो आणखी चार पाहुणे घेऊन येतो. हे मी वाचून सांगत नाही. पोत्यांमध्ये बसून कळलं ते सांगते.

संशय गेला असं कोणी समजू नये. तो यायचाच. मी उठून चहा टाकायची.

मग भाद्रपदात फौजा आल्या. शाळा बंद, रस्ते बंद, आम्ही दार लावून आत. शेजारच्या रेडिओला कान लावून मामंजी खिडकीशी उभे असायचे. चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. सुलतान बाजारात मिठाई वाटली, लोकांनी गळ्यात गळे घातले. मीही एक पेढा खाल्ला. त्याच आठवड्यात खालाच्या मुलाला चौकशीला नेलं. त्यानं त्या बंदूकवाल्या पोरांचा गणवेश कधी घातला नव्हता, पण घालणाऱ्यांबरोबर त्याचा चहा व्हायचा. माहेराहून बातमी आली. पावसाळ्याआधी आमच्या भावाचं खळं जाळलं होतं. आता गावातली मोमिनांची आळी रिकामी झाली होती, आणि ती कशी रिकामी झाली ते भावानं निरोपात सांगितलं नाही. आधी यांचं झालं, मग त्यांचं झालं. दोन्ही मला माहीत आहे. यावर मला आणखी काही म्हणता येत नाही.

गाड्या सुरू झाल्या तसे धाकटे दीर आले.

"वहिनी, आता इथं काय ठेवलंय? बाबांना घेऊन चला."

"वर्ग आहे माझा."

"बंद पडलाय म्हणे. आणि तुमचीच तब्येत..." त्यांच्याही कानावर गेलं होतं. वकिलीणबाईंचं माहेर आणि जाऊबाईंचं माहेर, दोन्हीही पुण्यात. हैदराबादेतली शिंक पुण्याला पोचायला वेळ लागत नसे.

मामंजी पेपर वाचत राहिले. ते बोलतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी पान उलटलं.

"उद्या शाळा उघडते," मी म्हणाले. "उद्या वर्ग झाला तर मी राहीन. नाही झाला तर परवाच्या गाडीनं येते."

हे बोलताना माझी छाती भरलेली होती. शब्द तोंडातून गेले होते, आता परत घेता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी मागच्या दारावर थाप मारली. खाला आली, पण दाराची चौकट धरून उंबऱ्यातच उभी. "नक्को जी. लोगां क्या बोलिंगे. अब हमारा दिन नै."

"मेरा भी दिन नै," मी म्हणाले. "पायताण घालो."

तिनं बुरखा घातला आणि आली.

दालनात बायका जमल्या होत्या. गावाला गेलेल्याही दोघी-तिघी परतल्या होत्या. खाला आत आली तसं बोलणं थांबलं. वकिलीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, खालाकडं बघितलं आणि आपली सतरंजी जरा ओढून घेतली. जागा करायला की अंतर ठेवायला, ते मी ठरवत बसले नाही. मी पाढा सुरू केला. बे एके बे. बे दुणे चार. तिथंच घशात शिटी वाजली. भिंतीला नुकताच चुना दिला होता, त्याचा वास. किंवा भीती. काहीही असेल.

या वेळी मी गज धरले नाहीत. त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले.

"माझा दमा आला आहे," मी म्हणाले. तुटक तुटक, एकेक शब्द. "डोळे उघडा. बघा. कसं करायचं ते. पाढा तुम्ही म्हणा."

मी पुढं वाकून हात गुडघ्यांवर टेकले. शिटी सगळ्यांना ऐकू येत होती. मागून खालाचा आवाज आला, "बे पंचे दहा." एकटीचाच, थेट श्वास सोडण्याच्या ओळीपासून. मग एक तेलुगू बाई तिच्यात मिसळली. "बे सक बारा." मग वकिलीणबाई म्हणाल्या, "अहो, सगळ्या मिळून म्हणा ना, काय हे, प्रत्येकीचं वेगळं!" आणि त्यांनी ठेका धरला. "बे साते चौदा. बे आठे सोळा." मी त्यांच्या ठेक्यावर श्वास सोडला. बे दाही वीसपर्यंत पुरला नाही. पुन्हा. पुन्हा. पाढा किती वेळा झाला कोण जाणे, वकिलीणबाईंचाच घसा बसला.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही रोज एवढं बडबडता आणि वर श्वास घ्यायलाही शिकवता? माझा तर जीव निघाला."

"म्हणून यापुढं," मी म्हणाले. माझा आवाज आला होता, घोगरा. "पाढा रोज एकीनं म्हणायचा. पाळीपाळीनं. मी तुमच्यात बसून करणार."

शिटी बारीक होत गेली. एकदम थांबली नाही. त्या दिवशी तास तसाच झाला. चमत्कार झाला असं मी कोणाला सांगितलं नाही, कारण झाला नव्हता. घरी आल्यावर दिरांना म्हणाले, "वर्ग झाला." त्यांनी बाबांकडं बघितलं. मामंजी म्हणाले, "ऐकलंस ना? तिला वर्ग आहे. तुझ्या बायकोला बाई बघून ठेव कामाला." आणि पेपर वर घेतला.

त्यानंतर मी बरीच वर्षं शिकवलं. त्या शाळेत, मग नारायणगुड्यात, गुडघे चालले तोवर. दमा अधूनमधून आला. मी कुठली शिकवणारी, हा विचार त्याहून जास्त वेळा आला. दोघांनाही मी सतरंजीवर बसूनच भेटले. लोक विचारतात, मनातली शंका कायमची जाते का हो? मला ठाऊक नाही. माझी गेली नाही. मी थकते, मग बसते, मग सोडते.

मामंजी त्या थंडीत गेले. झोपेत, कोणाला न सांगता. खाला सुटून आलेल्या मुलाबरोबर कराचीला गेली, पुढं तिचं काय झालं कळलं नाही. मधलं दार बुजवलं. दीर गेले, जाऊबाई गेल्या. वकिलीणबाई शेवटपर्यंत वर्गाला येत होत्या, पाळी आली की बे चोक आठवर मुद्दाम जास्त थांबायच्या. त्याही गेल्या.

त्या दालनात जेवढ्या होतो त्यांतली आता इथं मी एकटी उरले आहे.